जीर्ण गिअरबॉक्स : पुनर्बांधणी की बदल?
(महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक निर्णयविचार)

झिजलेले यंत्र दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. हॅरल्ड होटेलिंग यांनी १९२५ साली घसाऱ्याचे सामान्य गणित मांडले. १९४० साली प्राइनराइख यांनी यंत्राच्या आर्थिक आयुर्मानाचा विचार त्याच दिशेने पुढे नेला. १९४९ साली जॉर्ज टरबर्ग यांनी जुन्या यंत्राला ‘बचाव करणारा’ आणि नव्याला ‘आव्हान देणारा’ अशी नावे देऊन सारा विषय व्यवहाराच्या पातळीवर आणला. या सर्व विवेचनांत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते : दुरुस्तीला किती खर्च येईल हे निर्णय घेणाऱ्याला आधी ठाऊक असते. मोटारीच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत नेमके हेच गृहीत खरे ठरत नाही. पेटी उतरवून उघडल्याशिवाय आत काय झिजले आहे ते कळत नाही. आणि ती उघडेपर्यंत खर्चाचा एक मोठा भाग होऊनही गेलेला असतो. म्हणून वरवर पाहता केवळ मिस्त्रीच्या अखत्यारीतला वाटणारा हा प्रश्न वस्तुतः अपुऱ्या माहितीवर घ्यावयाच्या निर्णयाचा प्रश्न आहे, आणि त्या दृष्टीने तो आपल्या विभागातील विद्यार्थ्यांच्या विचाराला योग्य आहे असे वाटते.

उदाहरणादाखल महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके घेतले आहेत, ते केवळ सोयीसाठी नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावरील ही दोन्ही गावे सावित्रीच्या खोऱ्यात, जवळजवळ समुद्रसपाटीच्या पातळीवर वसलेली. परंतु तेथून ज्या दिशेला जावे त्या दिशेला घाट उभा आहे. महाडहून भोरकडे वरंध घाट, पोलादपूरहून खेडकडे कशेडी घाट, आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट. यांपैकी कशेडीला बोगद्याचा पर्याय २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाला, आणि त्यामुळे महामार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या वाहनांच्या यंत्रावरील ताण पुष्कळ उतरला आहे. आंबेनळीला तसा पर्याय नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. तेवढ्यात वाहन जवळजवळ १३०० मीटर वर चढते. सरासरी चढ काढला तर तो शेकडा तीनच्या किंचित वर येतो आणि आकडा निरुपद्रवी भासतो. पण सरासरी घेऊन कोणी घाट चढत नाही. वळणावर दुसऱ्या आणि कधी पहिल्या गिअरवर यावे लागते, आणि मैदानात वर्षाकाठी जितका वेळ हे गिअर वापरात येत नाहीत तितका वेळ ते या रस्त्यावर काही महिन्यांत वापरले जातात. तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून ‘अमुक गाडीचा गिअरबॉक्स इतके किलोमीटर चालतो’ असे जे सांगितले जाते, ते या खोऱ्यात लागू पडत नाही. किलोमीटर सारखेच, परंतु त्या किलोमीटरांतील श्रम सारखे नव्हेत.

येथे यंत्राची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. जीप, पिकअप यांसारख्या मागच्या चाकांना गती देणाऱ्या वाहनांत इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट, खाली फिरणारा लेशाफ्ट आणि मागे जाणारा मेन शाफ्ट असे तीन शाफ्ट असतात. खालच्या गिअरमध्ये शक्ती इनपुटवरून लेशाफ्टवर आणि तेथून मेन शाफ्टवर जाते. चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये इनपुट व मेन शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि लेशाफ्ट नुसता फिरत राहतो, त्याच्यावर भार नसतो. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या छोट्या मोटारींत मात्र थेट गिअर नसतो. दोनच शाफ्ट, आणि डिफरन्शिअलही त्याच पेटीत. आज सर्वत्र दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर ‘टाकणे’ म्हणजे दंतचक्र सरकवणे नव्हे, तर फिरते दंतचक्र शाफ्टला जखडणे. आणि जखडण्यापूर्वी दोहोंची गती सारखी करण्याचे काम एक पितळी कडे करते, त्यास सिंक्रो रिंग म्हणतात. ही योजना मोटारीत प्रथम १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने आणली. त्यापूर्वी, आणि मालवाहू गाड्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे, चालक दोनदा क्लच दाबून व मध्ये इंजिन फिरवून गती स्वतःच जुळवून घेत असे. ही जुनी कसब अजून अगदी लोपलेली नाही, आणि पुढील विवेचनात तिचा उपयोग होणार आहे.

घाट चढताना पेटीवर भार येतो हे कोणासही पटते. घाट उतरतानाच्या भाराकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. माणसे व सामान धरून २००० किलोग्रॅम वजनाची गाडी १३०० मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे २५५ लाख जूल, म्हणजे घरगुती विजेच्या मापाने सात युनिटे. ती सारी ब्रेकने शोषावयाची ठरवली, चाकांच्या ब्रेकमध्ये मिळून ४० किलोग्रॅम लोखंड आहे असे धरले, आणि त्यास थंड होण्यास मुळीच वाव मिळाला नाही असे मानले, तर त्या लोखंडाचे तपमान तेराशेहून अधिक अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा लागतो, वेग बदलतो, म्हणून तसे घडत नाही. पण ज्या गिअरवर घाट चढला त्याच गिअरवर तो उतरावा हा जुन्या चालकांचा दंडक का पडला ते यावरून उमजावे. उतारावर चाके इंजिनला फिरवतात, भार दात्यांच्या दुसऱ्या बाजूवर येतो, आणि दाते तिरके कापलेले असल्याने शाफ्टला लांबीच्या दिशेने बसणारा रेटाही उलट होतो. बेअरिंग झिजून शाफ्टला मागेपुढे मोकळीक आलेली असेल तर ती नेमकी याच क्षणी उघड होते, आणि गिअर आपोआप सुटून दांडा न्यूट्रलमध्ये येतो. मैदानात ही केवळ कटकट असते. आंबेनळीच्या उतारावर तीच गोष्ट घडली तर त्या क्षणी इंजिनचा आधार गेलेला असतो आणि तापलेल्या ब्रेकवर सर्व हवाला पडतो. प्रस्तुत प्रश्नाचा विचार पैशाच्या हिशेबाने करीत असताना ही एक गोष्ट हिशेबाबाहेर ठेवावी लागते : उतारावर गिअर सुटणारी गाडी दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत घाटात नेऊ नये. इतर सर्व दोषांना भाव आहे, याला नाही.

न उघडता काय कळते?

पेटी उतरवण्यापूर्वीच पुष्कळ माहिती फुकट मिळण्यासारखी असते, आणि आश्चर्य असे की ती घेतली जात नाही. गाडी उभी, इंजिन चालू, दांडा न्यूट्रलमध्ये असता भुंग्यासारखा आवाज येत असेल आणि क्लच दाबताच तो थांबत असेल, तर दोष इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. गिअरबॉक्सचा त्यात काही अपराध नाही. तीन शाफ्टांच्या पेटीत सर्व गिअरांत घरघर आणि चौथ्यात मात्र शांतता, असे असेल तर लेशाफ्टवर संशय घ्यावा, कारण चौथ्यात त्याच्यावर भार नसतो. चौथ्यातही आवाज राहिला तर मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगकडे पाहावे. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीच्या दात्यांत बिघाड. गिअर टाकताना करकर होते पण एकदा पडला की शांत चालतो, अशी तक्रार असेल तर पितळी कडे झिजले; मात्र त्याआधी क्लच पुरता सुटतो की नाही हे पाहावे, कारण अर्धवट सुटणारा क्लच सिंक्रो रिंगच्या झिजेची हुबेहूब नक्कल करतो. गिअर सुटण्याच्या तक्रारीतही इंजिनची रबरी माउंटिंग्ज व दांड्याची जोडणी आधी तपासावी. शेकडो रुपयांच्या रबराऐवजी हजारोंची पेटी उतरवली गेल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकावयास मिळतील.

दुसरी फुकट माहिती तेलात असते. तळाचा बोल्ट काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरील करड्या रंगाचा मऊ लेप हा सामान्य झिजेचा असतो, त्याने घाबरून जाऊ नये. तेलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळी कड्यांची. बोटाला टोचणारे पोलादी पापुद्रे निघाले तर बेअरिंगचा किंवा दात्यांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. टोकदार तुकडे निघाले तर गिअर जखडणारे छोटे दाते तुटले आहेत. आणि तेल दूध घातलेल्या चहासारखे निघाले तर आत पाणी गेले आहे. या शेवटच्या लक्षणाकडे पुढे स्वतंत्रपणे यावयाचे आहे.

या तपासणीचा एक परिणाम असा की दोषांचे दोन वर्ग पडतात : थांबणारे आणि न थांबणारे. सिंक्रो रिंग झिजली तर ती थांबू शकते. दोनदा क्लच दाबण्याची वर उल्लेखिलेली कसब ज्याला अवगत आहे त्याला वर्षभरही काम चालवता येते, आणि त्या काळात पेटीच्या इतर भागांना फारशी इजा होत नाही. बेअरिंग मात्र थांबत नाही. त्याचे पापुद्रे तेलाबरोबर साऱ्या पेटीत फिरतात, दुसऱ्या बेअरिंगांत शिरतात, आणि शाफ्ट हलू लागला की दाते वेडेवाकडे भिडून त्यांचाही नाश होतो. म्हणजे पहिल्या प्रकारात विलंबाची किंमत जवळजवळ शून्य, दुसऱ्यात ती दर आठवड्याला चढती. ‘दुरुस्ती की बदल’ या द्वंद्वात ‘तूर्त काहीच नको’ हा तिसरा पक्ष असतो हे पाठ्यपुस्तके सांगतात; पण तो कोणत्या दोषाला लागू आणि कोणत्या दोषाला नाही, हे आवाज ऐकणारा मिस्त्रीच सांगू शकतो.

उघडल्यानंतर

उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्ही पर्यायांना समान आहे, म्हणून तुलनेत ती धरावयाची नाही. हे उघड असूनही पुष्कळ मालक ‘दुरुस्तीची मजुरीच एवढी’ म्हणून जुनी पेटी विकत घेतात, आणि तीच मजुरी तेथेही देतात! त्याच न्यायाने क्लचची तबकडी व रिलीज बेअरिंग अर्धेअधिक झिजले असेल तर ते याच वेळी बदलावे. एरवी केवळ त्यासाठी पेटी पुन्हा उतरवावी लागेल.

उघडल्यावर काय मोजावयाचे? सिंक्रो रिंग तिच्या शंकूवर दाबून बसवावी आणि कडे व दंतचक्र यांमधील फट फीलर गेजने मोजावी. नव्या कड्याला ती मिलिमीटरच्या आसपास असते. अनेक मोटारींत ती अर्ध्या मिलिमीटरखाली गेली की कडे निकामी समजतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत असतो. शाफ्टची मागेपुढे मोकळीक डायल गेजने मोजावी. बेअरिंग, ऑइल सील, सिंक्रो रिंगा, काटे, स्प्रिंगा हे सर्व बदलता येणारे भाग होत. यांच्या झिजेने पेटी पुनर्बांधणीस अपात्र ठरत नाही. किंबहुना पुनर्बांधणी म्हणजे याच भागांचा संच बदलणे.

दात्यांची गोष्ट वेगळी. दंतचक्राचे पोलाद आतून लवचीक आणि वरून सुमारे मिलिमीटरभर जाडीच्या कठीण थराने मढवलेले असते. हा थर शाबूत आहे तोवर दाता शाबूत. त्याला खड्डे पडून आतला मऊ गाभा उघडा झाला की तो दाता पुन्हा पूर्वीसारखा करण्याचा उपाय गॅरेजमध्ये नाही. वेल्डिंगने भरून घासण्याचा प्रयोग काही ठिकाणी होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा कठीण थरही नरम पडतो आणि दाता दिसावयास नवा, टिकावयास कच्चा होतो. दाते गेले असतील तर जोडी बदलावी लागते, आणि दोन जोड्या गेल्या तर पुनर्बांधणीचा खर्च झपाट्याने वर जातो. त्याहून वाईट म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी तिच्या घरात फिरू लागलेली असणे. ॲल्युमिनियमच्या पेटीतील ते घर मोठे होते आणि दोन शाफ्टांमधील अंतर, जे मिलिमीटरच्या शतांशांत राखावयाचे असते, ते बिघडते. साध्या लेथवर हे काम अचूक होणे कठीण. अशा पेटीत नवी बेअरिंगे घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय, आणि येथे बदलाचा पक्ष निर्विवाद ठरतो.

या ठिकाणी विश्वसनीयतेच्या सिद्धांतातील एक भेद उपयोगी पडतो. बार्लो व हंटर यांनी १९६० साली ‘किमान दुरुस्ती’ची कल्पना मांडली : दुरुस्तीनंतर यंत्र चालू होते, पण त्याचे वय बिघाडापूर्वी होते तितकेच राहते. याच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण नूतनीकरण. केवळ आवाज करणारे एक बेअरिंग बदलून पेटी बंद करणे ही किमान दुरुस्ती आहे. उरलेली बेअरिंगे त्याच पापुद्र्यांच्या तेलात फिरलेली असतात. मालकाला वाटते की आपण दुरुस्ती विकत घेतली. प्रत्यक्षात त्याने पुढल्या बिघाडाची तारीख थोडी लांबवून घेतली. ‘दुरुस्त केलेला गिअरबॉक्स टिकत नाही’ अशी जी सार्वत्रिक तक्रार आहे, तिचे मूळ बहुधा पुनर्बांधणीत नसून पुनर्बांधणीच्या नावाखाली झालेल्या किमान दुरुस्तीत आहे असे माझे मत आहे.

पुराचे पाणी

२२ जुलै २०२१ च्या सुमारास सह्याद्रीवर असाधारण पाऊस झाला. महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सावित्रीचा उगम तेथलाच. सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. जेथे एवढी मनुष्यहानी झाली तेथे मोटारींचा विचार करणे संकोचाचे वाटते. परंतु गाळ उपसून झाल्यावर शेकडो कुटुंबांपुढे जो रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला, त्यात दारातले वाहनही होते.

पुरात बुडालेल्या गाडीच्या इंजिनची चिंता सर्वांना असते. गिअरबॉक्सची कोणी करीत नाही. पेटी बंद असते, मग पाणी जाणार कोठून? पेटीला वर श्वासनळी असते, आत तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून. गरम पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि त्याच नळीतून पाणी ओढले जाते. जुने ऑइल सीलही पाणी आत घेते. थोड्याशा पाण्याने काय होते, याचा अंदाज बेअरिंगांवरील प्रयोगांतून मिळतो. कँटली यांनी १९७७ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे तेलातील पाण्याचे प्रमाण दशलक्षात १०० भागांवरून १००० भागांवर गेले तर बेअरिंगचे आयुष्य सुमारे एक चतुर्थांश उरते. दोन लिटर तेलात दशलक्षात १००० भाग म्हणजे अवघे २ मिलिलिटर पाणी, अर्धा चमचाही नव्हे. ते सूत्र वेगळ्या तेलावरील प्रयोगांतून निघालेले आहे, गिअरच्या जाड तेलाला तंतोतंत लावता येणार नाही. पण हानी कोणत्या प्रमाणात होते हे त्यावरून ध्यानात येते.

पूर ओसरल्यावर चार-पाच दिवसांत तेल काढून, पेटी स्वच्छ तेलाने धुऊन, नवे तेल भरले गेले असेल तर बेअरिंगे पुष्कळदा वाचतात. गाडी महिनाभर विम्याच्या पंचनाम्याची वाट पाहत उभी राहिली तर ज्या ज्या ठिकाणी गोळी किंवा रोलर कडीला टेकलेला असतो तेथे गंजाची रेघ उमटते, आणि त्या रेघेपासून पापुद्रा सुटण्यास आरंभ होतो. दाते मात्र जाड असल्याने बहुधा निभावतात. म्हणजे पुरात बुडालेली पेटी ही पुनर्बांधणीस उत्तम पात्र : बदलता येणारे भाग खराब आणि न बदलता येणारे चांगले. व्यवहारात मात्र नेमके उलट घडते. बुडालेली गाडी ‘गेलीच’ असे समजून भंगारात निघते आणि तिची पेटी बाहेरून धुऊन-पुसून जुन्या मालाच्या बाजारात येते.

विम्याविषयी एवढेच सांगावयाचे की केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर मिळते, पण भागांच्या वयाप्रमाणे घसारा कापून. आणि प्रचलित अटींनुसार दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. झिजेने झालेल्या बिघाडाला विमा मुळीच लागू नाही. म्हणून पाण्याने बिघडलेला आणि आधीच झिजलेला भाग यांत भेद करणारा तपासनीस येथे महत्त्वाचा ठरतो.

जुन्या पेटीचा बाजार

महाडच्या गॅरेजवाल्याला जुना गिअरबॉक्स हवा असेल तर तो बहुधा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा पुण्याहून येतो. १९७० साली जॉर्ज अकर्लॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले ते पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत पोचले. विकणाऱ्याला मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात भाव सरासरी गुणावर ठरतो; मग चांगला माल असणाऱ्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि सरासरी आणखी खाली येते. गिअरबॉक्स हे या सिद्धांताचे मोटारीहूनही चोख उदाहरण आहे, कारण मोटार निदान चालवून पाहता येते. पेटी टेबलावर ठेवून हाताने फिरवण्यापलीकडे घेणारा काही करू शकत नाही. मोठ्या पुरानंतर, मग तो २६ जुलै २००५ चा मुंबईचा असो की २०२१ चा महाड-चिपळूणचा, या बाजारात बुडालेल्या पेट्यांचे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे. नोंदणीपुस्तकात इंजिन व चासी यांचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे पेटी कोणत्या गाडीतली, बुडालेली की अपघातातली की चोरीची, हे कागदावरून शोधण्याची सोय नाही. दुकानदार जी आठ-पंधरा दिवसांची तोंडी हमी देतो, ती आवाजापुरती असते. आणि बदलून दिलेली पेटीही पुन्हा मजुरी खर्चूनच चढवावी लागते.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे घालावेत. मजुरीसह पूर्ण पुनर्बांधणी २४,००० रुपये व आयुष्य ८०,००० किलोमीटर. जुनी पेटी १८,००० रुपये, चांगली निघाल्यास आयुष्य ६०,००० आणि वाईट निघाल्यास १०,००० किलोमीटर. नवी पेटी ६०,००० रुपये व आयुष्य २,००,००० किलोमीटर. पुनर्बांधणीचा खर्च किलोमीटरला ३० पैसे. नव्या पेटीचाही तितकाच! पण त्यासाठी गाडीचे उरलेले आयुष्य दोन लाख किलोमीटर पाहिजे, आणि साठ हजार आज द्यावयाचे आहेत. तेव्हा नवी पेटी तीन-चार वर्षांच्या गाडीलाच शोभते. जुन्या पेटीचे आयुष्य तिच्या चांगली निघण्याच्या संभाव्यतेवर अवलंबून आहे. ती संभाव्यता ०.६ धरली तर सरासरी आयुष्य ४०,००० किलोमीटर आणि खर्च किलोमीटरला ४५ पैसे. संभाव्यता १ असली, म्हणजे प्रत्येक पेटी चांगलीच निघणार असली, तरी खर्च ३० पैशांवर येऊन पुनर्बांधणीशी केवळ बरोबरी होते. दीर्घ काळ गाडी ठेवणाऱ्याने जुन्या पेटीच्या वाटेस जाऊ नये, हा निष्कर्ष या आकड्यांपुरता स्पष्ट आहे.

गाडी आणखी केवळ २०,००० किलोमीटर चालवावयाची असेल तर चित्र पालटते. पुनर्बांधणीचे उरलेले साठ हजार किलोमीटर मालकाच्या उपयोगाचे नाहीत, आणि गाडी विकताना त्यांचा भावही मिळत नाही. घेणाऱ्याला पेटीची पुनर्बांधणी दिसत नाही, अकर्लॉफचा न्याय येथे मालकाच्या विरुद्ध उलटतो. आता जुन्या पेटीचा अपेक्षित खर्च म्हणजे १८,००० अधिक, ती वाईट निघाल्यास दुसरीचे १८,०००. तो २४,००० शी केव्हा जुळतो? वाईट निघण्याची संभाव्यता एक तृतीयांश असते तेव्हा. म्हणजे तीनांत दोन पेट्या चांगल्या निघत असतील तर दोन्ही पर्याय समान. त्याहून अधिक चांगल्या निघत असतील तर जुनी घ्यावी. मात्र यात बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचा व बुडालेल्या रोजगाराचा खर्च धरलेला नाही. तो ६,००० रुपये धरला तर ही मर्यादा तीन चतुर्थांशांवर जाते. महाड शहरात बंद पडणे आणि आंबेनळीत पावसाळ्यात बंद पडणे यांचा खर्च एक नाही. दरड कोसळून तो रस्ता बंदही होतो. जसजसा हा खर्च वाढतो तसतसा संशयास्पद पर्याय महाग होतो. यावरून घाटातील चालकाने शहरातील चालकापेक्षा पुनर्बांधणीकडे अधिक का झुकावे, याचे उत्तर मिळते. आणि त्यात पुनर्बांधणी करणारा मिस्त्री जवळ असतो, त्याच्याकडे परत जाता येते, ही गोष्ट आकड्यांत न मांडलेली पण दुर्लक्षिण्यासारखी नव्हे.

एक आक्षेप वारंवार ऐकू येतो : ‘गाडीची किंमत पन्नास हजार, तीत पंचवीस हजारांचे काम कशाला?’ आक्षेप पटण्यासारखा वाटतो, पण तो चुकीची तुलना करतो. गाडीचा बाजारभाव हा तिच्या सेवेचा भाव नव्हे. विचारावयाचा प्रश्न असा की ही गाडी आज आहे तशी विकून येणारी रक्कम अधिक पंचवीस हजार, एवढ्यात तितकीच सेवा देणारी दुसरी गाडी मिळते काय? पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून माणसे व भाजी वाहणाऱ्या जुन्या जीपच्या मालकाला ती बहुधा मिळत नाही. आणि जी मिळेल तिचा गिअरबॉक्स कसा आहे, हा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतोच. मात्र गाडी पंधरा वर्षांच्या नोंदणीमुदतीजवळ आलेली असेल तर वेगळा विचार करावा. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले, शिवाय योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर. त्या तपासणीत चासी गंजलेली म्हणून गाडी नापास झाली तर नव्या बेअरिंगांचा उपयोग नाही. म्हणून कोकणातील दमट हवेत पेटी उतरवण्याआधी गाडीखाली वाकून चासीवर हातोडीने ठोकून पाहावे. हा क्रम उलटा करू नये.

पुनर्बांधणी झाल्यावर तेलाची निवड हा शेवटचा प्रश्न. बाजारात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन वर्ग मिळतात. जीएल-५ वरच्या दर्जाचे म्हणून आग्रहाने दिले जाते. पण ते मुख्यतः मागच्या डिफरन्शिअलच्या घसरत्या दात्यांसाठी आहे. त्यातील गंधकयुक्त द्रव्ये अधिक प्रमाणात असतात, ती तापल्यावर पितळी कड्यांना बाधू शकतात, आणि त्या निसरड्या तेलात कड्यांना पकडही कमी मिळते. पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असेल तर तेच भरावे. हजार किलोमीटरनंतर ते काढून, चुंबकावर काय जमले ते पाहून, पुन्हा नवे घालावे. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वीची फेरी महाडच्या सपाट रस्त्यावर न घेता, मिस्त्रीला शेजारी बसवून, पोलादपूरच्या पुढे घाटाचा आरंभीचा थोडा चढ चढून तोच उतार दुसऱ्या गिअरवर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून आणि हात दांड्यावर न ठेवता उतरून घ्यावी.